जुनी फटफटी, नवी गाडी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या मोटारसायकलींबद्दल प्रश्न मागवले होते. इंदूर आणि महूहून आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीची इंजेक्शनवाली ३५० सीसी गाडी आहे. घरात आजोबांची १९७८ची बुलेटही उभी आहे. ती जड, संथ आणि तेल गाळणारी. तरीही जो ती चालवतो, त्याला उतरवत नाही. हे फक्त आठवणींचं प्रेम आहे की यंत्रातच काही वेगळं आहे?
— महाविद्यालयीन वाचक, विजयनगर

यंत्रातच वेगळं आहे. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याचं अंतर, ९०. ताकद जेमतेम १८ अश्वशक्ती, पण फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक, भलं जड. त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून थ्रॉटल हळूहळू उघडला तरी इंजिन कुरकुर न करता ओढत नेतं. प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. तुमची नवी गाडी बुलेटच्याच घराण्यातली असेल, तर तिचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, म्हणजे ठेवण फार बदललेली नाही. पण आत बॅलन्सर शाफ्ट बसवल्यामुळे इंजिनाची थरथर तिथेच जिरते. पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे संगणक ठरवतो.

जुन्या गाडीत ही कामं चालवणाऱ्याच्या हाताला आणि कानाला करावी लागतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की कार्ब्युरेटरमधून फट्फट आवाज येतो. टायमिंग पुढे गेलं, म्हणजे ठिणगी लवकर पडू लागली, की चढावर इंजिनाच्या डोक्यातून टकटक ऐकू येते. चोक किती वेळ ठेवायचा हे जानेवारीत वेगळं आणि मे महिन्यात वेगळं. गाडी आपली अवस्था सतत सांगत असते आणि चालवणारा तिला उत्तर देत असतो. आमच्या मते तिची ओढ आहे ती यातच. नवी गाडी चांगलीच आहे, पण तिला तुमची एवढी गरज लागत नाही.

आता जपायच्या गोष्टी. पहिली ब्रेकची. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. डिस्क आणि एबीएसवाली गाडी जिथे थांबते, तिथे जुना ड्रम थांबवत नाही. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा, ते साधारण ५० मीटर होतं. पुढचा ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा आर्म आणि केबल यांच्यात काटकोन झाला पाहिजे. आर्म काटकोनाच्या पुढे जात असेल तर शू झिजले आहेत. तिथे केबल ताणून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. त्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. तुमच्या रोजच्या गाडीत सगळं उलट. अचानक कोणी आडवं आलं की पाय सवयीच्या बाजूला जातो आणि ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. म्हणून जुनी गाडी बाहेर काढाल त्या दिवशी आधी मोकळ्या मैदानात दहा-पंधरा वेळा थांबून-निघून पाय वळवून घ्या. रस्त्यावर नंतरच या.

माझी जुनी बुलेट किक मारताना उलटा फटका देते. परवा पोटरी सुजली. मिस्त्रीने पॉइंट साफ करून दिले, तेव्हापासून त्रास वाढला आहे.
— एक वाचक, महू

कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. पॉइंट म्हणजे उघडताना ठिणगी पाडणारे दोन संपर्क. ते साफ करताना त्यांचं अंतर वाढलं असणार. अंतर वाढलं की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते आणि पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होऊन किक उलटी फिरते. पॉइंटची टाच झिजून अंतर कमी झालं तर नेमकं उलट होतं: ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापतं, गाडी ओढत नाही. म्हणून अंतराला हात लावला की टायमिंग पुन्हा लावायचंच.

फीलर गेजने पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. मग कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे आणा. ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी, वजनं मिटलेल्या अवस्थेत असताना पॉइंट तिथे उघडायला सुरुवात झाली पाहिजे. पॉइंटमध्ये अगदी पातळ कागद धरा. तो हलका ओढताच जिथे सुटतो तोच क्षण. पॉइंटच्या प्लेटखालच्या ॲडव्हान्सच्या दोन स्प्रिंगाही पाहा. त्या ढिल्या पडल्या किंवा वजनं गंजून उघडीच अडकली, तर टायमिंग कितीही नीट लावा, किक फटका देणारच. कॅमवर ग्रीस अगदी नखभर लावा. जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं आणि ठिणगी मरते. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

आता किकची पद्धत. इग्निशन चालू करा आणि किक हाताच्या जोराइतकीच हळू दाबा. अमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा डिस्चार्जकडे पडेल आणि मग मध्यावर येईल. मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले. तिथे थांबा. डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, लिव्हर ओढून किक आणखी थोडीशी खाली न्या, म्हणजे पिस्टन वरच्या टोकापलीकडे जाईल. लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवून एकच पूर्ण, लांब किक मारा. अर्धवट किक सर्वांत वाईट. फ्लायव्हीलला वेग मिळत नाही, पिस्टन टोक ओलांडत नाही आणि सगळा धक्का पायावर येतो. गुडघा ताठ ठेवू नका. चपलेने किक मारणं आजपासून बंद करा.

टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) तपासायचे असतील तर इंजिन पूर्ण थंड असताना. कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर दोन्ही पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि तेही सुरू न होण्याचं एक कारण असतं.

जुन्या जावा मोटारसायकलवर महेश्वरला जायचं आहे. उतारावर टू-स्ट्रोक इंजिन जाम होतं असं ऐकलं. थ्रॉटल बंद असताना इंजिनावर ताण नसतो, मग जाम का व्हावं?
— एक वाचक, लोकमान्यनगर

ताण नसतो, पण तेलही नसतं. या इंजिनात तेल पेट्रोलमधूनच येतं. उतारावर थ्रॉटल मिटला की पेट्रोल जवळजवळ थांबतं, त्याबरोबर तेलही. चाकं मात्र गिअरमधून इंजिनाला फिरवत राहतात. पिस्टन जोरात फिरतोय आणि त्याला तेल नाही, अशी अवस्था मैल-दोन मैल टिकते.

त्यामुळे मानपूरपुढच्या घाटात दर अर्ध्या मिनिटाला क्लच दाबून थ्रॉटल क्षणभर उघडा. पेट्रोलबरोबर तेलाचा घोट आत जातो. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक फारसा मिळत नाही, म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा आणि दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरा. एकच ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापून ब्रेक फिका पडतो. तेलाचं प्रमाण पाच लिटरला २०० मिलिलिटर ठेवा, म्हणजे १:२५. पंपावर तेल टाकीत नुसतं ओतू नका. आधी बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये घोळवा, ते टाकीत ओता, मग वरून पेट्रोल भरा.

इंजिनाचा आवाज अचानक दबला, गाडी मागे ओढल्यासारखी वाटली की त्याच क्षणी क्लच दाबा आणि कडेला घ्या. अर्धा तास किकला हात लावू नका. गरम असताना जबरदस्ती केली तर पिस्टनचं ॲल्युमिनियम लाइनरला चिकटून ओरखडे पडतात आणि पुढे बोअर करायला खरादवाल्याकडे जावं लागतं. तेल बरोबर असूनही जाम होत असेल तर जनरेटरच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील बदला. ते हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन भाजतं.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?
— एक वाचक, सुदामानगर

गाडी मोडत नाही, पण दुर्लक्ष खपत नाही. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप, पेट्रोल कॉकचे वॉशर आणि काही कार्ब्युरेटरमधल्या फ्लोट निडलचं रबरी टोक फुगतं किंवा चिरतं. तिन्ही बदला. नवा पाइप इथेनॉलला चालणाराच घ्या. टाकीला आतून लेप दिलेला असेल तर तो सुटून कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बुजवतोय का ते पाहा.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होतं आणि तिथूनच गंज धरतो. आठवड्याहून जास्त उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करा. बुलेट असेल तर इंजिन चालवून फ्लोटची वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा साठा, रिकामी करा. टू-स्ट्रोकमध्ये असं करू नका. शेवटच्या थेंबांना मिश्रण पातळ होतं, तेलही संपतं. तिथे वाटीचा स्क्रू उघडून किंवा वाटी काढून पेट्रोल बाहेर काढा.

जुनी जेटं निव्वळ पेट्रोलसाठी काढलेली होती. त्याच हवेला वीस टक्के इथेनॉलचं इंधन वजनाने सुमारे आठ टक्के जास्त लागतं. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं हवं. पांढुरकं दिसत असेल तर आधी थ्रॉटलच्या निडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर उचलली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठं.

राजेंद्रनगरहून रोज पीथमपूरला नोकरीसाठी जातो. जुनी जावा घ्यावी की नवी?
— एक वाचक

रोजच्या जाण्यायेण्याला नवी. २०१८ पासूनची नवी जावा पीथमपूरलाच बनते. पहिल्या मॉडेलचं इंजिन २९३ सीसीचं, पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक. दोन सायलेन्सर आहेत, पण जुन्या टू-स्ट्रोकचा आवाज आणि ती निळसर धुराची रेघ तिच्यात शोधू नका. जुनी घ्यायचीच असेल तर रविवारसाठी घ्या आणि आठवड्यातला एक तास तिच्या पॉइंट, प्लग, चेन आणि केबलांसाठी राखून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर ती दुसऱ्या कोणाच्या घरी जास्त सुखात राहील.

सासऱ्यांच्या नावावर १९७१ची मोटारसायकल आहे. ते आता नाहीत. यजमान ती रविवारी सराफ्यापर्यंत चालवतात. व्हिंटेज नोंदणी करावी का?
— वाचक भगिनी, रामबाग

चालवायची असेल तर करू नका. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर आणि दहा वर्षांची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अशी गाडी रस्त्यावर नेहमीसाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते.

तुमचं पहिलं काम गाडी वारसाच्या नावावर करणं. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागेल. नोंदणीची मुदत संपली असेल तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा. ते पाच वर्षांसाठी होतं आणि त्याआधी गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथे चॅसिस आणि इंजिनाचे नंबर कागदाशी जुळवतात. नंबरांवर रंगाचे थर चढले असतील तर थिनर आणि मऊ कापडाने सोडवा, पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन आधी घरीच जुळवून पाहा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. अक्षरांची धार गेली की नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि गाडी तिथेच अडकते.