पणजीत एकच सकाळ मोकळी आहे. गाईड न घेता फोंतेन्हास ही पोर्तुगीजकालीन वस्ती पायी पाहता येईल का?

नक्की येईल, आणि दोन तास पुरतात. फक्त साडेसातच्या आत निघा, नंतर गाड्या आणि फोटोवाल्यांची गर्दी होते. कदंब बसस्टँडवरून पाटो पूल ओलांडला की उरें खाडीपलीकडे घरं दिसतातच. आधी सां तोमे ही शेजारची वस्ती, तिथून दक्षिणेकडे गल्ल्यागल्ल्यांतून सेंट सेबॅस्टियन चॅपेल. आतला क्रूस नीट पाहा: ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धार्मिक न्यायालयाच्या, वाड्यात होता. इन्क्विझिशन १८१२ साली संपलं.

एखाद्या जुन्या खिडकीपाशी थांबा. काचेऐवजी लाकडी चौकटीत शिंपल्यांचे चपटे तुकडे बसवलेले असतात. त्यांतून ऊन दुधासारखं होऊन आत येतं. माझ्या मते सगळ्या रंगीत भिंतींपेक्षा हे सुंदर आहे.

बहुतेक लोक चॅपेलवरूनच परततात. तुम्ही पुढे मळा नावाच्या वस्तीत जा. ज्या झऱ्यावरून फोंतेन्हास हे नाव पडलं तो तिथेच, आणि वर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ. पायऱ्या चढल्यावर खाली कौलारू छपरं दिसतात.

एक कळकळीची विनंती: ही राहती घरं आहेत. कुणाच्या सोप्यावर बसून फोटो काढू नका.