वाचनालयाला जाब कोण विचारणार?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचून मला झोप लागली नाही.

प्रश्न : आमच्या गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं, शासनमान्य वाचनालय आहे. पाटी आहे, अनुदान येतं, पण दार आठवड्यातून एखाद-दोनदाच उघडतं. कार्यवाहांना विचारलं तर म्हणतात, "ही आमची संस्था आहे, सरकारी ऑफिस नाही." ग्रामपंचायतीत गेलो तर ते म्हणतात, आमचा संबंध नाही. मग हे वाचनालय नक्की कोणाचं? आणि तक्रार कोणाकडे करायची?

उत्तर : तुमचे कार्यवाह अर्धंच खरं बोलले. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारनं काढलेली नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. लोकांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून ती उभी केली. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि १ मे १९६८ पासून तो लागू झाला. त्या कायद्यानं ही ग्रंथालयं ताब्यात घेतली नाहीत. संस्था लोकांच्याच हाती राहिल्या. सरकार मान्यता देणार, अनुदान देणार आणि त्याबदल्यात तपासणी करणार, असा हा व्यवहार आहे. तेव्हा 'आमची संस्था' हे बरोबर. पण सार्वजनिक पैसा घेतला की हिशेब आणि उघडं दार, दोन्ही द्यावंच लागतं. हे दुसरं अर्धं त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही.

आता वरची रचना बघा. ग्रंथालय हा राज्याचा विषय आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीच्या बाराव्या नोंदीत तो येतो. मंत्रालयात हे काम उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहे. त्याखाली ग्रंथालय संचालनालय, मुंबईत फोर्टच्या टाउन हॉलमध्ये. संचालकांच्या हाताखाली महसुली विभागांत सहायक ग्रंथालय संचालक आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी. शासनाला सल्ला द्यायला राज्य ग्रंथालय परिषद आहे, मंत्री तिचे अध्यक्ष. जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय समिती आहे. ग्रामपंचायत या साखळीत कुठेच नाही, म्हणून तिनं हात झटकले ते चुकीचं नाही.

याशिवाय दुसरी एक साखळी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. तुमचं वाचनालय ही नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास आहे. कार्यकारी मंडळ बदललं की बदल अर्ज, दरवर्षीचं लेखापरीक्षण, हे सगळं धर्मादाय कार्यालयात जातं. म्हणजे वाचनालय नीट चालतं का, हे ग्रंथालय खात्यानं बघायचं. संस्था नीट चालते का, निवडणूक झाली का, मालमत्ता जागेवर आहे का, हे धर्मादाय आयुक्तांनी. दार उघडत नाही ही तक्रार पहिल्या ठिकाणची. दहा वर्षं तेच पदाधिकारी आहेत आणि सभाच होत नाही, ही दुसऱ्या ठिकाणची. लोक दोन्ही एकाच अर्जात कोंबतात आणि तो अर्ज दोन कार्यालयांमध्ये चेंडूसारखा फिरत राहतो.

पण मला तुम्हाला आणखी एक सांगायचं आहे. मी तालुक्याच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, आधी लिपिक, मग ग्रंथपाल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तपासणी लागली. टेबलावर दाखलनोंद रजिस्टर, देवघेव रजिस्टर, रोजकीर्द, वर्गणीची पावतीपुस्तकं अशी चळत रचून ठेवली होती. अधिकाऱ्यांनी वह्या चाळल्या आणि मग उठून कपाटातून एक कादंबरी काढली. देवघेव वहीत ती वर्षभरात अकरा वेळा घरी गेलेली होती. त्यांनी ती उघडली, तर मधल्या एका फर्म्याची, म्हणजे एकाच कागदाची घडी घालून झालेली, पानं वरच्या कडेला जोडलेलीच. बांधणीत कापायची राहून गेली होती. पट्टीनं सोडवल्याशिवाय पुढचं पान कोणालाही वाचता आलं नसतं. त्यांनी पट्टी मागितली, पानं एकेक करून हळूच सोडवली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही तरी वाचा," एवढंच म्हणाले. त्या नोंदी माझ्या अक्षरात होत्या. तीन महिन्यांची देवघेव मी वरिष्ठांच्या सांगण्यावरून दोन दुपारांत लिहून काढली होती, एकाच पेनानं. त्या दिवसाची लाज मला निवृत्तीपर्यंत पुरली, आणि त्यानंतर खोटी ओळ मी लिहिली नाही.

हे सांगण्याचं कारण असं की वरची देखरेख वह्यांवर चालते. वर्ग 'अ', 'ब', 'क' की 'ड' हे पुस्तकं किती, वर्गणीदार किती, वृत्तपत्रं आणि नियतकालिकं किती, ग्रंथालय किती तास उघडं, यावर ठरतं. आणि हे सगळे आकडे ग्रंथालयानंच वार्षिक अहवालात भरून पाठवायचे असतात. राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालयं आणि एकेका जिल्ह्याच्या कार्यालयात मोजकी माणसं. प्रत्येक तपासनीस कपाटातली कादंबरी उघडून बघेल, एवढा वेळ त्याच्याकडे नसतो. मे २०१२ मध्ये महसूल खात्याच्या माणसांकडून सगळ्या ग्रंथालयांची एकदम पडताळणी झाली, तेव्हा कागदावरची ग्रंथालयं उघडी पडली. त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षं थांबली. प्रामाणिकपणे 'ड'वरून 'क'कडे निघालेली कितीतरी गावं मधेच अडकली. तुमच्या गावातलं बंद दार अशा रीतीनं दुसऱ्या गावातल्या मुलाचं पुस्तक अडवतं. म्हणून मला हे पत्र इतकं लागलं.

आता काय करायचं ते. आधी वर्गणीदार व्हा, एकटे नको, दहा-पंधरा जण मिळून. पावती मागून घ्या. मग माहितीच्या अधिकारात जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे अर्ज करा; शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. तीन गोष्टी मागा : गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, मिळालेल्या अनुदानाच्या नोंदी आणि शेवटचा तपासणी अहवाल त्रुटींच्या शेऱ्यांसह. वाचनालयाकडेच मागत बसू नका, ही कागदपत्रं त्या कार्यालयाच्या दप्तरी असतातच. अहवालात लिहिलेले उघडण्याचे तास एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला महिनाभर रोज संध्याकाळी दार उघडं होतं की बंद, ते तारीखवार टिपा, खाली दोघांच्या सह्या. ते दोन कागद जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दखल नाही घेतली तर विभागाच्या सहायक संचालकांकडे जा. दोष सिद्ध झाला तर अनुदान कमी होऊ शकतं, वर्ग खाली येऊ शकतो, मान्यताही जाऊ शकते. पण मान्यता जावी असं मागू नका. एकदा गेलेली मान्यता परत आणताना गावाचा जीव जातो. दार उघडावं, एवढंच मागा.

प्रश्न : मी 'ब' वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. मला मिळतं ते मानधन शेजारच्या दुकानातल्या पोरापेक्षा कमी आहे. आम्ही शासनाचे कर्मचारी नाही, असं सांगतात. मग आमचा मालक कोण?

उत्तर : कायद्याच्या नजरेत तुमचा मालक ती संस्था आहे, आणि संस्थेकडे देण्यासारखं जे असतं ते बहुतेक अनुदानातूनच येतं. परिरक्षण अनुदानाचा, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठी दरवर्षी मिळणाऱ्या अनुदानाचा, निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा वेतनेतर खर्चावर जातो. त्या निम्म्यात ग्रंथपाल, लिपिक, शिपाई सगळे बसवायचे. २०२२ मध्ये शासनानं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, पण मूळ रकमाच इतक्या लहान होत्या, की साठ टक्क्यांनंतरही घर चालत नाही. वेतनश्रेणीची मागणी ग्रंथालय संघ आणि कर्मचारी फार जुन्या काळापासून करत आले आहेत. ती न्याय्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या माणसाच्या सहीवर राज्याची आकडेवारी उभी राहते, त्याला शासन आपला माणूस म्हणत नाही, ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव आहे.

तोवर एक करा. वेतनाची रक्कम बँकेतून तुमच्या खात्यात जमा होईल असा आग्रह धरा. पूर्ण रकमेच्या पावतीवर सही आणि हातात त्याहून कमी, हे मी फार जवळून पाहिलं आहे. अशी सही करू नका.

प्रश्न : शेजारच्या राज्यांत ग्रंथालय कर आहे, आपल्याकडे का नाही? आणि तिकडचा कारभार आपल्यापेक्षा चांगला आहे का?

उत्तर : स्वतंत्र भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा, १९४८ चा. त्यामागे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन होते आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय कराची तरतूद होती. कर्नाटकानं १९६५ च्या कायद्यात कराचीच वाट धरली. आपल्या १९६७ च्या कायद्यानं ती घेतली नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधी ठेवला आणि शासनानं त्यात दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये घालावेत असं लिहिलं. आज त्या आकड्याला काही अर्थ उरलेला नाही, प्रत्यक्ष तरतूद त्याच्या कितीतरी पट असते. पण कायद्यात हक्काचा स्रोत नसल्यानं दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागतं, आणि हप्ता लांबला की आधी वृत्तपत्रवाल्याची उधारी थकते.

मला स्वतःला केरळ जास्त जवळचं वाटतं. तिथे १९८९ च्या कायद्यानं तालुक्यापासून राज्यापर्यंत ग्रंथालय परिषदा आहेत आणि त्या ग्रंथालयांच्या प्रतिनिधींनी निवडून दिलेल्या असतात. आपल्या परिषदेला सल्ला देता येतो, तिकडची परिषद कारभार करते. आणि आपल्याला हे परकं नाही. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली केला, मद्रासच्याही आधी. हे आपल्याच कितीतरी ग्रंथपालांना ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी होते तेच कळत नाही. सभेला बसण्याचा अधिकार साध्या वर्गणीदाराला असतो का?

उत्तर : ते तुमच्या संस्थेच्या घटनेवर अवलंबून आहे. काही ठिकाणी वर्गणीदाराला मत असतं, काही ठिकाणी फक्त आजीव सभासदाला. घटनेची प्रत संस्थेनं दिली नाही तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते. सभासदत्वाचं कलम आणि सभेच्या नोटिशीचं कलम, दोन्ही वाचा. नोटीस किती दिवस आधी आणि कुठे लावायची, ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि वर्गणी थकू देऊ नका. सभेच्या दाराशी सगळ्यात आधी विचारतात ती थकबाकीच.