सोडियम १५२ आणि वजन घटतंय? आधी लाइनमधलं सलाइन मोजा

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. गरोदरपणाच्या २५ आठवड्यांनाच जन्मलेलं बाळ, जन्मवजन ६०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी ५२८, म्हणजे १२ टक्के घट. रक्तातलं सोडियम १५२, म्हणजे जास्त, लघवी किलोमागे ताशी साडेतीन मिली. एक सीनिअर म्हणतात आत्ताचं किलोमागे दिवसाला १२० मिली फ्लुइड वाढवा, दुसऱ्या म्हणतात वाढवलंत तर डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी) बंद व्हायची नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "सोडियम तर आम्ही सुरूच केलेलं नाही." बाकी सगळं पटलं, हे एवढं पटलं नाही.

नाळेच्या धमनीत लाइन, म्हणजे बारीक नळी, आहे ना? त्यातून ०.९ टक्के सलाइन ताशी अर्धा मिली जात असेल, तर दिवसाचे झाले १२ मिली. एका मिलीत ०.१५४ मिलिमोल सोडियम, म्हणजे १.८५ मिलिमोल, ६०० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे तीन. वर रक्ताचं सॅम्पल घेतल्यावर आणि औषधांनंतर नळी धुवायला सलाइन ढकलतात ते दिवसात आठ फ्लश, प्रत्येकी अर्धा मिली: अजून किलोमागे एक. काहीच न देता रोज किलोमागे चार मिलिमोल गेले! पहिल्या दोन-तीन दिवसांत, वजन उतरत असताना, एवढं मीठ कुणी मुद्दाम लिहून देणार नाही. बायकार्बोनेट दिलं असेल तर तेही धरा; ८.४ टक्केवाल्यात मिलीला एक मिलिमोल असतं.

पाण्याचा हिशेबही इथेच चुकतो. हे १६ मिली म्हणजे किलोमागे जवळपास २७. तुमच्या १२० मध्ये ते धरलेले नसतील तर बाळाला प्रत्यक्षात १४७ जातंय. धरलेले असतील तर ७२ मिलीपैकी १६ मिली नुसतं सलाइन आहे. दोन्ही सीनिअर भांडताहेत तो आकडाच कच्चा आहे.

हे चार्टवर दिसत नाही, कारण फ्लशला रकानाच नसतो. नाव घेत नाही, पण छापील चार्ट ठरवणाऱ्या एका कार्यालयाकडून "फॉरमॅट मंजूर झालेला आहे, बदलता येणार नाही" हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता संतापही येत नाही. एका रेघेचा प्रश्न होता. तोवर इनक्युबेटरला एक कोरा कागद चिकटवा आणि शिफ्ट संपताना फ्लशच्या रिकाम्या सिरिंज मोजून लिहा.

लाइनला ०.४५ टक्के सलाइन लावा (रक्त गोठू न देणारं हेपरिन तुमच्या प्रोटोकॉलप्रमाणे), म्हणजे सोडियम निम्मं होतं. साधं स्टराइल वॉटर चुकूनही नको, रक्तपेशी फुटतात. फ्लश ०.२-०.३ मिलीत भागतो. चालत असेल तिथे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करा.

आता वजनातली घट. १२ टक्क्यांना मी घाबरणार नाही. पेशींबाहेरचं जादा पाणी जायलाच हवं. १० ते १५ टक्के चालतं. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवशीही वजन जागचं हललं नाही तर मला जास्त काळजी वाटते. पण वजन उतरतंय आणि सोडियम चढतंय, म्हणजे मिठापेक्षा पाणी जास्त जातंय, आणि या वयात ते मुख्यतः त्वचेतून जातं. म्हणून पाणी वाढवण्याआधी इनक्युबेटरमधली आर्द्रता बघा. ८० ते ८५ टक्के सेट केलेली असते, पण दर थोड्या वेळाने खिडक्या उघडल्या तर प्रत्यक्षात किती राहते ते डिस्प्लेवर वाचा. कामं एकत्र करा. व्हेंटिलेटरचा हवा गरम-ओली करणारा भाग नीट चालतोय का तेही पाहा.

एवढं करूनही सोडियम चढलं तर किलोमागे १० ते २० मिली वाढवा, सहा-आठ तासांनी पुन्हा तपासा. सोडियम दिवसात १० ते १२ पेक्षा जास्त खाली आणू नका. हिशेब जन्मवजनावरच, ते परत गाठेपर्यंत. वजन वाढतंय आणि सोडियम चढतंय, तर ते मीठच. तिथे पाणी वाढवून काही साधत नाही. वजन वाढतंय आणि सोडियम १३० ला आलंय, तर पाणी कमी करा. मीठ घालायची घाई अनेकजण तिथेच करतात.

वजनाचंही तेच, तो आकडाही कच्चा असू शकतो. या बाळात एक टक्का म्हणजे सहा ग्रॅम. हाताची पट्टी, टेप, ओला डायपर यांतच दोन-तीन टक्के लपतात. कालच्या वजनात पट्टी होती का, हे लिहिलेलं नसेल तर ते १२ टक्के मी पेन्सिलनेच लिहीन. इनक्युबेटरमधल्या काट्यावर घेताना नळ्या दुसऱ्या कुणीतरी उचलून धरायच्या, रोज तशाच.

जाता जाता: फ्लुइड वाढवताना १० टक्के डेक्स्ट्रोज तसंच ठेवू नका. १२० ला किलोमागे मिनिटाला ८.३ मिलिग्रॅम साखर जाते, १५० ला १०.४. साखर वाढली की लघवी वाढते, वजन अजून उतरतं, आणि पुन्हा सगळे पाणीच वाढवतात. तुमची साडेतीन मिली लघवी तिसऱ्या दिवशीची नेहमीची असू शकते, पण ग्लुकोज किती होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे ही ऑर्डर समजू नका; किडनी किंवा ब्लडप्रेशरचा प्रश्न असेल तर यातलं बरंच बदलेल. आई-वडील वाचत असतील तर यातले आकडे घेऊन घाबरू नका, डॉक्टरांना विचारा. ग्लुकोज आणि लाइनमध्ये कोणतं सलाइन आहे, एवढं इथे लिहा, मग पुढे बोलू.