सूत, गुण्या आणि पाण्यावरचे लाकूड

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दोन वर्षे दारे-खिडक्या आणि कपाटे केल्यावर आता नौकाबांधणीच्या कामावर जावे असे तुझ्या मनात आहे, आणि हत्यारे तीच, लाकूडही तेच, मग नव्याने शिकायचे ते काय, असे तू विचारले आहेस. हत्यारे बहुतेक तीच आहेत हे खरे. रंधा, पटाशी, करवत, वाकस, गिरमिट यांतले काहीही तुला परके वाटणार नाही. पण शब्द तेच राहून पाण्यावर त्यांचे अर्थ बदलतात आणि जमिनीवर तयार झालेला कारागीर नेमका तिथे फसतो. म्हणून हे पत्र हत्यारांपेक्षा शब्दांविषयी अधिक आहे.

धंद्याच्या नावापासूनच पाहा. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला. लाकडाला हत्यार लावण्यापूर्वी सूत धरतो तो सुतार. तेच सूत पुढे मापही झाले. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. कोणी ‘दोन सूत कमी पडले’ म्हणाले, तर मनात हिशेब करत बसण्याआधी ती फट डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे. मात्र माप किती बारीक आहे यापेक्षा सर्वांचे माप एकच आहे की नाही, हे आधी बघ. स्वीडनची वासा ही युद्धनौका 1628 मध्ये पहिल्याच सफरीला निघाली आणि बंदराबाहेरही न पडता कलंडून बुडाली. 1961 मध्ये ती वर काढण्यात आली, तेव्हा तिच्यात कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या होत्या आणि दोन अकरा इंची ॲमस्टरडॅम फुटाच्या. नौका बुडाली ती वरचा भार तळाला न पेलल्यामुळे, हे मला ठाऊक आहे. सगळा दोष पट्ट्यांवर ढकलण्याचा माझा हेतू नाही. तरीही एकाच नौकेवर ‘एक फूट’ हा शब्द दोन लांबींचा होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

घराच्या सुतारकामात तुझा खरा गुरू गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, होता. चौकट गुण्यात बसली, ओळंब्याने उभी ठरली आणि पाणसळीने आडवी ठरली, की काम झाले. नौकेच्या अंगात काटकोन शोधून सापडत नाही. तिची बाजू तळाकडे आत वळते, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती होते, आणि आतल्या प्रत्येक वाकाची, म्हणजे फासळीसारख्या लाकडाची, कड शेजारच्यापेक्षा वेगळ्या कोनात तासावी लागते. तोही कोन वरपासून खालपर्यंत सारखा बदलत जातो. तिथे तुझ्या हातात फिरता गुण्या असेल, ज्याचे पाते हव्या त्या कोनात फिरवून घट्ट करता येते. पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेत तर ओळंबा आणि पाणसळ दोन्ही खोटे बोलतात, कारण आधारालाच स्थिरता नसते. म्हणून तिथली मापे जमिनीपासून न घेता नौकेच्याच मध्यरेषेपासून घेतात. बांधणीपूर्वी सपाट फरशीवर नौकेची आकृती पूर्ण आकारात आखतात आणि तिच्यावरून फर्मे, म्हणजे कापणीचे नमुने, उचलतात. ही आखणी चालू असेल तेव्हा तिथून हलू नकोस. पुढची सगळी कापणी तीवर अवलंबून असते.

आता लाकडाविषयी, आणि इथे थोडा वेळ थांब. लाकूड सुकताना लांबीत जवळपास आटतच नाही. आटते ते रुंदीत, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आटते. जमिनीवरचा कारागीर आयुष्यभर या आटण्याशी झुंजत असतो. तू कूस-साल सांधा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवण्याचा सांधा, करतोस तेव्हा सुरीने आखलेली रेघ अर्धी ठेवून अर्धी कापतोस. कूस हाताच्या दाबाने निम्मी आत जाते, उरलेली मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, दोन-तीन ठोक्यांनी बसते आणि शेवटच्या ठोक्याचा आवाज भरीव येतो. तो आवाज म्हणजे कोरड्या लाकडाची घट्ट बैठक.

हीच सवय मला एकदा नडली. एका होडीच्या सामानघरावरचे झाकण मी कपाटाच्या दारासारखे केले, चारी बाजूंना कागदाएवढी फट ठेवून. किनाऱ्यावर सगळ्यांनी वाहवा केली. पाण्यात गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते फुगून असे अडकले की पटाशीने कड फोडून उघडावे लागले, आणि ती कड फोडण्याचे काम मलाच करावे लागले. नौकेवर लाकूड फुगणार हे गृहीत धरूनच कापायचे असते. तळाच्या फळ्या एकमेकींना भिडवताना त्यांच्या फटींत कापसाचे किंवा तागाचे तंतू ठोकून वर डांबर भरतात. पाण्यात फळ्या फुगल्या की ते भरण चेपून शिवण बंद होते. जुन्या नौकांत तर लाकडी मेखा मारत, त्या भिजून आपोआप घट्ट होत.

खिळ्याविषयीही थोडे सांगतो. ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंड लवकर खराब होते. सागाच्या तेलकट अंगात ते पुष्कळ टिकते. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये अलार्म या नौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला. लाकूड पोखरणारा शिंपल्यांचा भाईबंद, ज्याला आपण किडा म्हणतो, त्याला आळा बसला, पण दोन वर्षांनी पाहिले तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे झिजले होते. जिथे पत्र्याच्या गुंडाळणीचा कागद मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. निष्काळजीपणाने राहिलेल्या त्या कागदाने खरे कारण दाखवून दिले: दोन धातू आणि मध्ये खारे पाणी.

पुढे नौकेवर नेमणूक घेण्याचा विचार असेल, तर हेही समजून घे की तिथला सुतार बांधणारा कमी आणि वैद्य जास्त असतो. शिडाच्या जहाजांवर तो पाळीपाळीने तळात साचलेल्या पाण्याची खोली काठीने मोजून कप्तानाला सांगत असे, डोलकाठीला चीर गेली तर बांध घालत असे, आणि लढाईत तोफगोळ्याने पडलेल्या भोकांसाठी निमुळत्या लाकडी डाटण्या आधीच करून ठेवत असे. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ नौकेत सुतारांच्या पेट्या हत्यारांसकट सापडल्या आहेत. त्यांतले रंधे पाहिले तर तुला ते लगेच ओळखता येतील.

निघण्यापूर्वी एक काम कर. एका वाकड्या फांदीचे दोन तुकडे घे, त्यांचा गुण्याशिवाय, केवळ फिरत्या कोनावर सांधा कर आणि आठवडाभर पाण्यात बुडवून ठेव. मग तो सुटा करून पाठव. फुगवटा कुठे चुकला ते मी खुणा करून परत धाडतो.

तुझा,
जुना मिस्त्री