कॅनडाचं नागरिकत्व घेतोयस? आधी हे वाच

अरे भावा, तिकडची शपथ घेतलीस की आपलं नागरिकत्व आपोआप जातं, १९५५ च्या कायद्यातलं कलम ९, दोन पासपोर्टची सोय आपल्याकडे नाहीच. तेव्हा जुन्या पासपोर्टवर गणपतीला घरी यायचा शहाणपणा करू नको, दंड बसतो, आधी तो सरेंडर कर नि मग ओसीआयला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांना मिळणाऱ्या कार्डाला, अर्ज टाक. मतदान मात्र विसर.

आता तुझी देवगडची कलमांची बाग. ओसीआय काय नि एनआरआय काय, शेतजमीन विकत घेता येत नाही, फ्लॅट चालतो. वारसाने मिळते पण, बाबांमागे माझं नाव सातबाऱ्यावर लागलं, बाजूची चार गुंठे विकायला निघाली तेव्हा नुसता गडग्यावर बसून बघत राहिलो.