ऑपरेशन करू की डाएटच?

प्रश्न : ताई, वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ९६, दोन वर्षांपासून शुगरची गोळी चालू. तीनदा डाएट केलं, १०-१२ किलो उतरले आणि सणावाराला सगळे परत आले. डॉक्टर वजन कमी करायच्या सर्जरीचं म्हणतायत, सासूबाई म्हणतात जीभ आवर. काय करू?

उत्तर : अगं, तुझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३८ च्या पुढे जातो आणि वर शुगर, म्हणजे डॉक्टर उगाच म्हणत नाहीयेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईन्सप्रमाणे ३५ च्या वर सर्जरी सुचवतात, आपल्या आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार करता येतो. आणि वजन परत येणं हा नुसता जिभेचा दोष नाही, वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं आणि कॅलरी कमी जाळतं, हे सासूबाईंनाही वाचून दाखव.

पण सर्जरी म्हणजे डाएटमधून सुटका असं समजू नकोस हं. ‘स्लीव्ह’ नावाच्या सर्जरीत जवळपास तीन चतुर्थांश पोट काढून टाकतात, ते परत जोडता येत नाही. सुरुवातीला नुसतं पातळ, मग अर्ध्या वाटी वरणातच पोट गच्च, जेवताना पाणी प्यायचं नाही, बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या. मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवायची सवय (आपल्या सगळ्यांचीच!) सर्जन कापून देत नाही. मूल हवं असेल तर निदान वर्ष-दीड वर्ष थांबावं लागेल. शुगर मात्र बऱ्याच जणांची सुधारते.

आधी थायरॉईड तपास, आहारतज्ज्ञाला भेट, पॉलिसीत बसतं का विचार, आणि सर्जनला विचार की ऑपरेशननंतर फॉलोअप कोण घेणार.