‘साहोत्तरीं’ : नाथांच्या ओवीतले साल कोणते?

इ.स. १५८४ मधल्या ठळक घटना, जन्म आणि मृत्यू यांची यादी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती या साली, असे सगळीकडे छापलेले असते. आधार म्हणून नाथांचीच ओवी देतात :

शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं ।
एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली ॥

वाचकाची शंका अशी, की ‘साठोत्तरी कविता’ म्हणजे साठनंतरची कविता. मग ‘साहोत्तरीं’ म्हणजे सहानंतरचे, म्हणजे शके १५०७ का नाही? तसे असेल तर यादीतली ही नोंद १५८५ मध्ये जायला हवी. याच पत्रात नाथांच्या निर्याणाच्या सालाबद्दलही एक प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येतो.

उत्तर आधी देऊन टाकतो. साल शके १५०६ च, म्हणजे इ.स. १५८४. पण शंका अगदी रास्त आहे, कारण ‘उत्तर’ या शब्दाचा आज आपल्या कानावर असलेला अर्थ आणि ओवीतला अर्थ वेगळे आहेत.

संस्कृतात ‘उत्तर’ म्हणजे वरचा, पुढचा, अधिक. ‘नंतरचा’ या अर्थाने आपण तो रोज वापरतो : स्वातंत्र्योत्तर, पदव्युत्तर, उत्तरायुष्य. ‘साठोत्तरी’ याच घराण्यातला, १९६० नंतरच्या साहित्याला लावलेला. संख्या सांगताना मात्र ‘उत्तर’ म्हणजे ‘इतके अधिक’. अष्टोत्तरशत नामावलीत नावे १०८ असतात, १०९ नव्हे. ‘एकोत्तरशत कुळे उद्धरली’ म्हणतात ती १०१ कुळे. पत्रिका पाहणारे ‘विंशोत्तरी’ दशा म्हणतात ती १२० वर्षांची आणि ‘अष्टोत्तरी’ १०८ वर्षांची. तिथे शंभर हा शब्द उच्चारतही नाहीत, तो गृहीतच असतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ ही ओवी तर सर्वांना पाठ आहे. बाराशे अधिक बारा, शके १२१२, इ.स. १२९०. तिथे कोणी १२१३ धरत नाही. बारा आणि उत्तर मिळून बारोत्तर, तसेच साहा आणि उत्तर मिळून साहोत्तर. जुन्या मराठीत ‘सहा’चे ‘साहा’ हे रूप सर्रास आहे. ‘साही शास्त्रे’ त्यातूनच आली. साठचा इथे काही संबंध नाही. साठ असते तर ‘ठ’ राहिला असता.

शेवटची ‘ई’ही या दोन शब्दांत वेगवेगळी आहे, आणि हे जरा जवळून बघण्यासारखे आहे. ‘साठोत्तरी’तली ई विशेषण करणारी. ‘साहोत्तरीं’तली ई सप्तमीची, म्हणून तिच्यावर अनुस्वार. घरीं, दारीं, तशी. ‘संवत्सरीं’ हीसुद्धा सप्तमीच. आणि ‘शके’ हे ‘शक’चे अनेकवचन आहे असे पुष्कळांना वाटते, पण ती संस्कृतातली सप्तमी आहे : शके, म्हणजे शकात. एका ओळीत ‘केव्हा’ या एकाच प्रश्नाला उत्तर देणाऱ्या तीन सप्तम्या आहेत. अनुस्वार गाळून छापलेल्या प्रतींमुळे हे नाते दिसेनासे होते, याचे मला नेहमी वाईट वाटते. जुनी ओवी उतरवताना तिचे अनुस्वार ठेवावेत ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती.

आता नुसत्या व्याकरणावर साल ठरवायला नको, कारण नाथांनी पुरावा हातात ठेवला आहे. ‘तारणनाम संवत्सरीं’. साठ संवत्सरांच्या चक्रात तारण अठरावा. शके १९०९ हा प्रभव, म्हणजे पहिला. तिथून मागे मोजत गेले की शके १५०६ ला तारणच येतो. १५०७ ला पार्थिव येतो. कोणी हट्टाने १५६० वाचलेच तर बहुधान्य येतो, आणि तोवर नाथ हयात नव्हते. आकड्याला नावाची जोड देण्याची जुनी पद्धत याचसाठी होती, की नकलताना आकडा चुकला तरी नाव सांभाळून घेईल.

पुढच्या एका ओवीत तर दिवसच दिला आहे : ‘भाद्रपदमास कपिलाषष्ठी’, आणि स्थळ प्रतिष्ठान, गोदातट, म्हणजे पैठण. ‘कपिलाषष्ठीचा योग’ आपण दुर्मीळ गोष्टीला म्हणतो, पण हा खरोखरचा पंचांगातला योग आहे : भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात, आणि सूर्य हस्तात. इतके सगळे एका दिवशी क्वचितच जमते. शके १५०६ ची भाद्रपद वद्य षष्ठी गणिताने काढली तर ती जुन्या युरोपीय गणनेच्या १५ सप्टेंबर १५८४ ला येते. वार मंगळवार, चंद्र रोहिणीत, सूर्य हस्तात. शके १५०७ ची भाद्रपद वद्य षष्ठी मंगळवारी येतच नाही. एका ओवीतल्या शब्दाला त्याच दिवशीच्या आकाशाने साक्ष द्यावी याहून मोठा आनंद शब्दांच्या अभ्यासात मला तरी ठाऊक नाही. त्याच ओवीत नाथांनी आपल्या कामाला ‘लेखनकामाठी’ म्हटले आहे. कामाठी म्हणजे अंगमेहनत. पाठभेद चाळून प्रत शुद्ध करणे ही मेहनतच आहे, आणि तिला मोठे नाव न देता त्यांनी हा साधा शब्द योजला.

नाथ कालनिर्देशात किती चोख होते हे त्यांच्या भागवतावरच्या टीकेतही दिसते. ती वाराणसीत कार्तिकी पौर्णिमेला, सोमवारी पूर्ण झाली. तिथे त्यांनी आधी काशीकडची गणना दिली : विक्रमशक सोळाशें तीसोत्तर, वृष संवत्सर. मग ‘स्वदेशींचा’ म्हणून शालिवाहन शक चौदाशे पंचाण्णव, श्रीमुख संवत्सर. साल एकच, इ.स. १५७३, पण संवत्सरांची नावे दोन, कारण नर्मदेच्या उत्तरेला हे चक्र गुरूच्या गतीप्रमाणे मोजतात आणि ते आपल्यापेक्षा पुढे गेलेले असते. ‘विक्रमशक’ हा प्रयोगही टिपून ठेवावा. आज आपण विक्रमाचा ‘संवत’ आणि शालिवाहनाचा ‘शक’ अशी वाटणी करतो. नाथांच्या मराठीत ‘शक’ म्हणजे कोणतीही कालगणना. शिवछत्रपतींच्या ‘राज्याभिषेक शका’त आणि ‘शककर्ता’ या शब्दात तोच अर्थ आहे. आणि ‘तीसोत्तर’ म्हणजे १६३० च, ३१ नव्हे. नाथांचा स्वतःचा दुसरा दाखला हवा असेल तर हा घ्या.

तारीख लिहिताना मात्र जपायला हवे. पोपच्या आज्ञेने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. स्पेन, पोर्तुगाल यांनी तो बदल लगेच स्वीकारला, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही, रशियाने त्याहूनही उशिरा. त्यामुळे १५८४ च्या यादीत ऑरेंजच्या विल्यमचा डेल्फ्टमधला खून १० जुलैला लिहितात तो नव्या गणनेने, आणि मॉस्कोतल्या इव्हान द टेरिबलचा मृत्यू १८ मार्चला लिहितात तो जुन्या. एकाच यादीत दोन गणना शेजारी बसतात आणि वाचणाऱ्याला पत्ता नसतो. अकबराने आपला इलाही सन सुरू केला तोही याच साली, आरंभ मात्र मागे नेऊन स्वतःच्या १५५६ मधल्या राज्यारोहणापासून धरला. पैठण तेव्हा निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या अमलात होते. नाथांची नोंद मी अशी लिहीन : ‘भाद्रपद वद्य षष्ठी, शके १५०६, तारण संवत्सर (२५ सप्टेंबर १५८४, जुन्या गणनेने १५ सप्टेंबर) : एकनाथांनी पैठण येथे ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत पूर्ण केली.’ तिथी आधी, कारण मूळ नोंद ती आहे, तारीख आपण काढलेली.

राहिला निर्याणाचा प्रश्न. ‘फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१’ आणि पुढे ‘फेब्रुवारी १५९९’ असे दिनविशेषांत जोडीने छापतात. हे दोन्ही खरे असू शकते का, असे वाचक विचारतात. नाही असू शकत. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारी लागला की इसवी सन पुढे सरकतो, शक तोच राहतो, म्हणून तिथून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. भाद्रपदातली कपिलाषष्ठी ७८ मध्ये बसते, फाल्गुनातली नाथषष्ठी ७९ मध्ये. शके १५२१ ची फाल्गुन वद्य षष्ठी इ.स. १६०० मध्ये येते : जुन्या गणनेने फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, नव्याने मार्चच्या पहिल्या. उलट १५९९ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, जुन्या गणनेने २५-२६ तारखांना, शुद्ध पक्ष चालू होता, तिथे वद्य षष्ठी बसवताच येत नाही. कोणीतरी सरसकट ७८ मिळवले, महिना तिथीवरून बरोबर काढला, आणि मग एकाचे पाहून दुसऱ्याने छापले, असे झालेले दिसते. शके १५२१ मान्य असेल तर यादी करणाऱ्यांनी नाथांचे निर्याण १५९९ च्या पानावरून काढून १६०० च्या पानावर न्यावे, आणि शेजारी तिथी व शक न विसरता द्यावेत.